दिलेला शब्द : बालवीर चळवळ आणि आपली मुले

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त बोलण्याचे निमंत्रण घेऊन कार्यवाह माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी स्वाभाविकपणे विचारले, "सर, विषय काय लिहू? संतवाङ्मय की नवकविता?" मी म्हटले, "बालवीर चळवळ लिहा." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे स्काऊट? ते शिट्टी आणि गळ्यातला रुमाल?" त्यांचे आश्चर्य मी समजू शकतो. ज्याने जवळजवळ तीस वर्षे महाविद्यालयात भाषा आणि साहित्य शिकवले, त्याने शताब्दीच्या व्यासपीठावरून गाठी आणि तंबू ह्यांविषयी बोलावे, हे काहीसे विचित्रच दिसते. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे आणि त्याला कारण आहे.

आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे की गेल्या वर्षी वार्षिक सभेत आपल्या बालविभागाचा प्रश्न निघाला. त्या खोलीत आता मुले येत नाहीत; तेव्हा ती स्पर्धा-परीक्षांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासिका म्हणून द्यावी, अशी सूचना आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. रिकाम्या खोलीपेक्षा भरलेली खोली केव्हाही बरी. मी त्या दिवशी काही बोललो नाही. परंतु घरी जाताना मनात एक प्रश्न घोळत राहिला : मुले येत नाहीत हे खरे, पण ती यावीत असे त्या खोलीत आपण त्यांच्यासाठी काय ठेवले आहे? पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांना कुलूप आहे, आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ह्या प्रश्नाचे जे उत्तर मला सुचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम थोडा इतिहास. सन १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर एका लष्करी अधिकाऱ्याने वीसेक मुलांचे शिबिर भरवले. त्या अधिकाऱ्याचे नाव रॉबर्ट बेडन-पॉवेल. शिबिरातली काही मुले नामांकित निवासी शाळांतली, संपन्न घरांतली होती. काही आसपासच्या गावांतील कष्टकऱ्यांची होती. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्ही मुले एका चुलीवर शिजलेले खातील हीच मोठी गोष्ट होती. बेडन-पॉवेल ह्यांनी त्यांच्या चार टोल्या केल्या, प्रत्येक टोलीला एक नायक दिला आणि टोलीची जबाबदारी त्या नायकावर सोपवली. पुढच्याच वर्षी, १९०८ साली, 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे त्यांचे पुस्तक पाक्षिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागले, आणि ते वाचून मुलांनी ठिकठिकाणी आपली आपण पथके उभी केली. ग्रंथालयाच्या सभासदांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. जगभर पसरलेली ही चळवळ आधी एका पुस्तकातून मुलांच्या हाती आली. संघटना नंतर आली.

ह्या कल्पनेचे मूळ मात्र युद्धात आहे. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग हे गाव १८९९-१९०० मध्ये बोअर सैन्याने वेढले असता बेडन-पॉवेल तेथील सेनापती होते. माणसे अपुरी होती, म्हणून गावातील मुलांचे एक पथक निरोप पोचवणे, टेहळणी करणे अशा कामांना लावण्यात आले. मुलांवर खरे काम सोपवले की ती ते पार पाडतात, ही गोष्ट तेथे दिसली. ह्या उगमामुळे चळवळीवर लष्करीपणाचा आरोप पहिल्यापासून होत आला आहे. गणवेश आहे, कवायत आहे, सलाम आहे. तेव्हा आरोप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण शांततेच्या काळातही मुलांवर खरे काम सोपवता येते की नाही, हा त्यापुढचा प्रश्न आहे आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो.

भारतात पहिले पथक १९०९ साली बंगळूरला निघाले. मुलींसाठी असलेल्या गाईड चळवळीचे भारतातील पहिले पथक १९११ साली निघाले, ते आपल्या ह्या जबलपूर शहरात. हे सांगताना अभिमान वाटतो आणि लगेच मान खालीही जाते; कारण आरंभीच्या ह्या पथकांत भारतीय मुलामुलींना प्रवेश नव्हता. ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच होती. आपल्याच गावातल्या मैदानावर आपल्या मुलींनी कुंपणाबाहेर उभे राहून पाहावे, अशी ती व्यवस्था होती.

हे कुंपण भारतीयांनी स्वतः मोडले. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आपल्या मध्य प्रांतात विवियन बोस ह्यांनी भारतीय मुलांची पथके उभी करण्याचे काम हाती घेतले. हेच बोस पुढे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मद्रासकडे ॲनी बेझंट ह्यांनी भारतीय मुलांची स्वतंत्र संस्था काढली. प्रयागला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी ह्यांनी १९१८ मध्ये सेवा समितीचे बालवीर संघटन उभारले. मेळ्यांत वाट चुकलेल्या, आजारी पडलेल्या यात्रेकरूंची सेवा हे त्यांचे मोठे कार्य होते. १९३७ साली बेडन-पॉवेल पुन्हा भारतात आले. त्या भेटीनंतर त्यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी जे उद्गार काढले, त्यांनी देशात मोठा क्षोभ झाला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन ही राष्ट्रीय वृत्तीची संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर ह्या वेगवेगळ्या संस्थांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाईड्स'चा जन्म झाला, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत विलीन झाली. संस्थापकाच्या साम्राज्यवादी दृष्टीशी भांडून त्याची पद्धत मात्र आपली करून घ्यावी, असा विवेक त्या पिढीने दाखवला. मला तो फार मोलाचा वाटतो.

आपल्या परिसराचा ह्या चळवळीशी आणखी एक नाजूक धागा आहे. धाकट्या मुलांसाठी १९१६ साली जी 'कब' शाखा निघाली, तिची सारी कल्पनासृष्टी किपलिंगच्या 'जंगल बुक'वरून घेतलेली आहे. कबांच्या प्रमुखाला आजही 'अकेला' म्हणतात. तो अकेला लांडगा ज्या डोंगरांत राहत होता, ते सिवनीचे डोंगर आपल्या नागपूर रस्त्यावर आहेत. जगाच्या पाठीवर कोठेही एखादे सात वर्षांचे मूल अकेलाला साद घालते, तेव्हा ते नकळत आपल्या शेजारच्या जिल्ह्याची आठवण काढत असते. संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही पचमढीला, म्हणजे आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बालवीर चळवळीतून मुलाला काय मिळते? काटकपणा, शिस्त, प्रथमोपचार, नकाशावाचन, स्वयंपाक, पोहणे ही यादी आपण सर्वांनी ऐकलेली आहे आणि ती खोटी नाही. परंतु ही सारी साधने झाली. ह्या पद्धतीचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट म्हणजे प्रतिज्ञा. पथकात येणारे दहा-अकरा वर्षांचे मूल तीन बोटे उभारून आपल्या प्रतिष्ठेला स्मरून शब्द देते, की मी माझे कर्तव्य करीन, दुसऱ्यांना मदत करीन आणि नियम पाळीन. दहा वर्षांच्या मुलाला प्रतिष्ठा असते, त्याच्या शब्दाला किंमत असते, असे येथे गृहीत धरलेले आहे. आपण घरी असे गृहीत धरतो काय? आपण म्हणतो, "त्याला काय कळतंय!"

दुसरी गोष्ट म्हणजे टोली. सहा-आठ मुलांची एक टोली, आणि तिचा नायक त्यांच्यातलाच एखादा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. तंबू कोठे ठोकायचा, लाकडे कोण आणणार, आजारी पडलेल्या मुलाजवळ कोण बसणार, हे तो ठरवतो. स्काऊट मास्तर दुरून पाहत असतात. भाजी करपली तर करपलेली भाजी सर्वांनी खायची. शाळेत चुकीची शिक्षा गुणपत्रिकेवर दिसते. येथे ती ताटात दिसते, आणि तिचा कोणाला राग येत नाही.

ह्यासंबंधी माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. तो फारसा भूषणावह नाही. मी आठवीत असताना आमच्या शाळेच्या पथकाचे शिबिर डिसेंबरात नर्मदेकाठी लम्हेटाघाटाच्या बाजूला होते. मी टोलीनायक होतो. आमच्या टोलीत मराठी घरातला मी एकटाच. बाकीची मुले कोणी गन कॅरेज फॅक्टरीतल्या कामगाराची, कोणी रेल्वेतल्या बंगाली बाबूंची, एक विडी वळणाऱ्या कुटुंबातला मुसलमान मुलगा. रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या होत्या. मधली पाळी माझी होती. थंडी कडक होती, शेकोटीची ऊब होती, आणि मला झोप लागली. कुत्र्यांनी कोठीच्या तंबूत शिरून कणकेचे पोते फाडले. जाग आल्यावर मी नोंदवहीत 'सब ठीक' असे लिहिले आणि पुढच्या मुलाला उठवून निजायला गेलो. तो पुढचा मुलगा म्हणजे टोलीतला सर्वांत धाकटा, तोच विडीवाल्यांचा मुलगा.

सकाळी कणीक मातीत मिसळलेली सापडली. सर्वांचा रोख त्या धाकट्यावर गेला. तो रडवेला होऊन सांगत होता की मी जागा होतो. मी गप्प राहिलो. आमचे स्काऊट मास्तर चित्रकलेचे शिक्षक होते, मितभाषी. त्यांनी नोंदवही चाळली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि वही मिटली. दिवसभर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाळ्या वाचून दाखवताना म्हणाले, "बीच का पहरा आज भी तुम्हारा ही है." एवढेच.

त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. त्यांनी मला मारले असते, टोलीनायकपद काढून घेतले असते, तर हिशेब तेथेच मिटला असता. त्यांनी पुन्हा विश्वास टाकला आणि हिशेब माझ्याकडेच ठेवला. दुसऱ्या दिवशी ध्वजवंदनाच्या वेळी सर्वांसमोर मी खरे सांगितले. धाकट्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "आज रोटी तुम बेलोगे." मी लाटल्या. त्या कशा झाल्या हे विचारू नका.

पुढची गोष्ट बरीच वर्षांनंतरची आहे. २२ मे १९९७ ची पहाट आपल्यापैकी वडीलधारे विसरलेले नसतील. पहाटे भूकंपाने आपले शहर हादरले आणि हजारो घरांची पडझड झाली. मी तेव्हा नुकताच तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो. आमच्या गल्लीत अंधार, धूळ आणि आरडाओरडा. मी एम. ए. झालेला तरुण, हातात विजेरी घेऊन रस्त्याच्या मध्ये उभा होतो आणि काय करावे हे मला सुचत नव्हते. तेवढ्यात कोणीतरी माझे नाव घेऊन ओरडले, "दो लाठी लाओ, और दो बोरे!" तो आमच्या टोलीतला धाकटाच होता. दहावीनंतर शिक्षण सोडून तो आमच्याच वस्तीत सायकल दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. त्याने लोकांना भिंतींपासून दूर मैदानात नेले होते, घरोघरच्या माणसांची नावे पुकारून मोजणी चालवली होती. पोत्यांचे कोपरे कापून त्यांतून काठ्या घालून आम्ही डोली केली. एका आजीबाईंच्या मोडलेल्या पायाला फळी बांधायची होती. दोर माझ्या हाती आला, आणि ती गाठ माझ्या हातांना आठवली. मला वाटत होते की मी ती कधीच विसरून गेलो आहे.

आजीबाई वाचल्या. पण त्यापेक्षा मला दुसरेच काही सांगावयाचे आहे. त्या पहाटे त्या गल्लीत माझ्यापेक्षा तो अधिक शिकलेला होता. आणि ज्याने त्याला एकदा खोटे पाडले होते, त्या माझे नाव त्याने मदतीसाठी निःशंकपणे पुकारले. हा विश्वास त्या शिबिरातल्या सकाळी निर्माण झालेला होता. वस्तीत नुसते शेजारी म्हणून राहिलो असतो, तर आमच्यात नमस्कार-सलामापलीकडे काही झाले असते असे मला वाटत नाही.

आपल्या समाजाविषयी येथे थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. आम्ही मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या ह्या शहरात आहोत. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, हे ग्रंथालय हे सारे आम्ही निष्ठेने जपले. परंतु पुष्कळदा आमची मुले आमच्याच अंगणात वाढली. ज्या टोलीत भाषा, धर्म, वडिलांचा पगार ह्यांपैकी काहीच सारखे नव्हते, त्या टोलीने मला हे गाव दाखवले. माझी मराठी त्यामुळे पातळ झाली नाही.

चळवळीचे दोषही सांगितले पाहिजेत. कित्येक ठिकाणी पथक प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरते उरले आहे. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार ही प्रमाणपत्रे गुणांसाठी आणि नोकरीतील राखीव जागांसाठी मिळवण्याची वृत्ती वाढली आहे. 'रोज एक सत्कृत्य' हा नियम दैनंदिनीत खोट्या नोंदी करून पाळला जातो; आणि खोटी नोंद काय असते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार! जेथे मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याऐवजी कागदावर ठेवला जातो, तेथे गणवेश उरतो आणि चळवळ जाते.

ह्याच्या उलट एक उदाहरण नागपूरचे. महाराष्ट्रातील शाळांमधून 'खरी कमाई' नावाचा उपक्रम बालवीर करीत असत. मुलांनी शेजारीपाजारी जाऊन एखादे काम करावे आणि त्याचा मोबदला पथकाच्या निधीत जमा करावा. माझ्या आत्याच्या मुलाने एका वकीलसाहेबांची सायकल पुसली. त्यांनी चष्मा लावून ती तपासली, मागच्या चाकाच्या तारा पुन्हा पुसायला लावल्या आणि मग आठ आणे दिले. तो आज मोठ्या हुद्द्यावरून निवृत्तीला आला आहे. पण त्या आठ आण्यांचे वर्णन अजून करतो. लाड म्हणून रुपया दिला असता, तर तो विसरला असता.

शेवटी ग्रंथालयाचा संबंध. वाचन अक्षरांपासून सुरू होते असे आपण समजतो. बालवीर त्याआधीचे वाचन शिकतो. ओल्या वाळूतले पाऊल कोणाचे, वारा कोठून आहे, मोडलेली फांदी काय सांगते, हे तो वाचतो. त्यांच्यात एक खेळ आहे. झाकलेल्या चोवीस वस्तू मिनिटभर उघडून दाखवायच्या आणि पुन्हा झाकून आठवणीने लिहावयास सांगायच्या. किपलिंगच्या 'किम' कादंबरीवरून त्याला 'किमचा खेळ' म्हणतात. ज्या मुलाने एकदा पक्ष्याचे घरटे पाहिले, ते पक्ष्यांचे पुस्तक मागायला आपल्या कपाटापाशी येईल. आपण मात्र त्याला आधी कपाट दाखवतो.

आणि ग्रंथालयाची रीत तरी काय आहे? एका सहीवर, एका शब्दावर आपण परक्या माणसाच्या हाती पुस्तक देतो आणि ते परत येईल असे धरून चालतो. शंभर वर्षे ही संस्था दिलेल्या शब्दावरच चालली आहे. तेव्हा मुलांना शब्द द्यायला आणि पाळायला शिकवणारी चळवळ ह्या वास्तूत परकी ठरणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. बालविभागाची खोली आठवड्याचे सहा दिवस अभ्यासिकेला जरूर द्यावी. रविवारची सकाळ मात्र मुलांसाठी राखावी. शाळेबाहेरही मुक्त पथक नोंदवता येते. दहा-बारा मुलगे आणि तितक्याच मुली मिळाल्या तरी आरंभ होईल. मग ती मराठी घरांतलीच असावीत असा आग्रह नको. ज्यांना गणवेश परवडणार नाही, त्यांचा खर्च आश्रयदात्यांनी गाजावाजा न करता उचलावा. मुलांची सुरक्षितता ही आजच्या काळात पहिली अट आहे; म्हणून कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रशिक्षित प्रौढ हजर असलेच पाहिजेत. त्यांतला एक मी होईन. ह्या वयात गुडघे कुरकुरतात, तरी प्राथमिक प्रशिक्षण वर्गासाठी मी नाव दिले आहे. मुलींच्या पथकासाठी एखाद्या भगिनीने पुढे यावे. १९११ साली ह्याच गावात आपल्या मुली कुंपणाबाहेर राहिल्या होत्या, एवढे स्मरण पुरे आहे.

पालकांना एकच विनंती. रविवारी सकाळी मुलाचे दप्तर, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन त्याच्यामागे येऊ नका. त्याला चालत येऊ द्या. बाटली विसरला तर तहानेला राहील आणि पुढच्या रविवारी विसरणार नाही.

कार्यकारिणीने ह्या सूचनेचा विचार करावा. आणि बालमित्रांनो, तुम्हांपैकी ज्यांना यायचे असेल, त्यांनी आईबाबांना विचारून कार्यवाहांच्या टेबलावरील वहीत आपले नाव स्वतःच्या हाताने लिहावे. आईबाबांकडून लिहवून घेऊ नये. लिहिलेत तर मात्र आले पाहिजे. तो तुमचा पहिला शब्द.